बारदानावर उभे राहिलेले गाव

वाण्याकडून पोते येते, धान्य डब्यात ओतले जाते आणि बारदान कोपऱ्यात पडते. त्या बारदानाकडे कोण पाहतो? पण त्याच्याच जिवावर सातासमुद्रापलीकडे एक गाव श्रीमंत झाले. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या खाडीकाठी वसलेले ते गाव म्हणजे डंडी.

प्रवाशाने प्रथम लॉ टेकडी चढावी. उंची अवघी 174 मीटर. पण माथ्यावरून सारी खाडी पायाशी पसरलेली दिसते. खाडीवरचा रेल्वेपूल 1887 सालचा. त्याच्या शेजारी पाण्यातून डोके वर काढलेले बुंधे दिसतात, ते आधीच्या पुलाच्या खांबांचे. 28 डिसेंबर 1879 च्या रात्री वादळात तो पूल कोसळला. वरून चाललेल्या आगगाडीतला एकही माणूस वाचला नाही.

खाली धक्क्यावर ‘डिस्कव्हरी’ हे जहाज आहे. ते 1901 साली इथेच बांधले गेले, कॅप्टन स्कॉटला दक्षिण ध्रुवाच्या मुलखात घेऊन गेले आणि 1986 साली माहेरी परतले. शेजारी केंगो कुमा या जपानी वास्तुशिल्पज्ञाची संग्रहालयाची इमारत आहे. ती 2018 साली खुली झाली. पूर्वेला चार मैलांवर ब्रॉटी फेरी. तिथे वाळूचा लांब किनारा आहे, पंधराव्या शतकातला किल्ला आहे आणि ऐटदार जुने बंगलेही आहेत.

हे बंगले कुणाचे, हे कळायला मात्र गावात परतून व्हर्डंट वर्क्स ही 1833 सालची गिरणी पाहावी. आता तिथे ताग-उद्योगाचे संग्रहालय आहे. बंगालचा ताग जहाजांनी इथे येई. त्याचा राठपणा घालवायला देवमाशाचे तेल लागे. तेही या बंदरातलेच दर्यावर्दी आणीत. गिरण्यांत बायकाच अधिक, कारण त्या कमी मजुरीत मिळत. कित्येक घरांत नवरा चूल सांभाळी आणि बायको गिरणीत जाई. यंत्रांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून त्या हातांच्या खुणांनी बोलत. धूर आणि धूळ त्यांच्या वाट्याला आली; ब्रॉटी फेरीची समुद्रहवा मालकांच्या.

पुढे डंडीचीच यंत्रे बंगालात गेली. 1855 साली हुगळीकाठी रिश्रा येथे तागाची गिरणी निघाली आणि शतक संपता संपता कलकत्त्याने डंडीला मागे टाकले.

डंडीत 1888 ते 1919 वनस्पतिशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडिस नंतर मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गावाची जागा, तिथला धंदा आणि तिथली माणसे ही तिन्ही एकत्र पाहावीत, असे ते शिकवीत. आपण सहलीला जातो तेव्हा बहुधा जागा तेवढी पाहतो. तिथली हवा खुशाल खावी. पण त्या हवेची किंमत कुणी मोजली, हेही विचारावे.