बोटीवरचं अक्षर म्हणजे परवाना नव्हे

"बोट एकदम मजबूत आहे रे, काही होत नाही!" असं म्हणणाऱ्याला जेट्टीवरच ठेवून निघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मजबूत म्हणजे किती वाऱ्यात? किती लाटेत? किती माणसं घेऊन? याची उत्तरं नसतील तर 'मजबूत' हा शब्द नुसता जाहिरातीचा.

युरोपात २.५ ते २४ मीटर लांबीच्या हौशी बोटींना कायद्याने ए, बी, सी, डी अशी अक्षरं मिळतात. डी म्हणजे ब्यूफोर्ट ४ पर्यंत वारा आणि ०.३ मीटर लाट. सी म्हणजे ६ आणि २ मीटर. बी म्हणजे ८ आणि ४ मीटर. ए त्याच्याही पुढे, पण वादळं वगळून! पूर्वी यांना 'ओशन', 'ऑफशोअर' अशी भारदस्त नावं होती. २०१३ च्या नियमांत ती गेली, फक्त वारा आणि लाट उरली. बरं झालं.

पण लोक काय करतात? सी लिहिलंय ना, मग दोन मीटर चालतंय की! अहो, ही बोटीची कमाल मर्यादा आहे, सहलीचा सल्ला नाही. सर्व्हरची कमाल क्षमता हेच रोजच्या लोडचं टार्गेट धरणारा आपल्या टीममध्ये आठवडाभर तरी टिकेल का?

त्यात मेख अशी, की हे 'दोन मीटर' म्हणजे सगळ्यात मोठी लाट नव्हेच. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी. अधूनमधून जवळपास दुप्पट उंचीची लाटही येते. आणि अक्षर माणसांच्या संख्येशी बांधलेलं असतं. एकाच बोटीच्या पाटीवर बी ला ६ माणसं, सी ला ८ असं असू शकतं. म्हणजे ऐनवेळी दोन मित्र वाढले, की बोटीचा समुद्रच बदलला!

आपल्याकडे ही अक्षरं सक्तीची नसली तरी आकडे मिळतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज देते, तोही याच सरासरीच्या मापात. सकाळचा शांत समुद्र बघून भुलू नका. कोकणात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, आणि परतायची वेळ नेमकी तीच. अंदाज परतीच्या वेळेचा बघा.

"पण नाखव्याला अनुभव आहे ना!" हा शेवटचा बाण. मान्य. पण पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगणारे कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच हंगाम धरतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, आणि आपल्याला वीकेंड वाया जायची भीती!

तेव्हा मंडळी, आकडा घरूनच ठरवून निघा. त्याच्या वर गेलं की ट्रिप कॅन्सल. भरलेला अ‍ॅडव्हान्स बुडाला तर बुडू दे.