चिप टिकते, पत्ता टिकत नाही

चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये पाळीव कुत्र्यांसाठी परवान्याबरोबर मायक्रोचिपही सक्तीची केली आणि परवाना नसल्यास ५,००० रुपये दंड ठरवला. निर्णय योग्य आहे. मात्र नोंदणी मोहीम सरल्यानंतर त्या नोंदींचे काय होते, याची चिंता मला अधिक वाटते.

तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कुत्र्याच्या खांद्यांमध्ये कातडीखाली टोचतात. कुत्रा कोठे आहे हे ती सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की १५ आकडी क्रमांक दिसतो, एवढेच. मालकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी नोंदवहीत असतात. क्रमांक जनावराच्या देहात आयुष्यभर राहतो. शहरातला पत्ता पुष्कळदा भाडेकराराइतकाच टिकतो.

अलाउद्दीन खिलजीने लष्करातल्या घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली. पुढे अकबराने ती पुन्हा कडक केली, कारण मनसबदार उसने घोडे उभे करून सरकारी पैसा उचलत. नुसत्या डागाने ही लबाडी थांबणारी नव्हती. घोडे ठरावीक मुदतीने पुन्हा हजर करून पडताळावे लागत. पडताळणी ढिली पडली, की डाग ही केवळ कातडीवरची खूण उरे.

आमच्या प्रशासनाला नव्या नोंदींचे उद्दिष्ट देणे आवडते, दुरुस्तीचे नाही. माझ्या सेवाकाळातल्या अहवालांत आकडे चढतच असत. मृत जनावर वगळल्याचा रकाना मी क्वचितच भरलेला पाहिला!

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. त्यांतली काही कालपर्यंत कोणाच्या तरी दिवाणखान्यात होती, याची चर्चा फारशी झाली नाही. जनावर उपाशी मरायला सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये! तोही वसूल करायचा तर सोडणारा कोण, हे सिद्ध व्हावे लागते. चिपमुळे ते शक्य होईल. पण नोंदीतला मालक दोन वर्षांपूर्वीच कुत्रा विकून मोकळा झाला असेल, तर दंड भलत्याच्याच दारी जाईल. इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्यांना चिप सक्तीची आहे आणि नोंद अद्ययावत ठेवणे हेही मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

आपल्याकडे वार्षिक रेबीज लसीकरण ही आयती संधी आहे. लस टोचताना पशुवैद्यकाने चिप वाचावी, मालकाचा दूरध्वनी पडताळावा आणि मगच प्रमाणपत्र द्यावे. पत्ताबदल, हस्तांतरण आणि मृत्यू यांची नोंद विनाशुल्क असावी. चेन्नईहून दिल्लीला बदली झालेल्या कुटुंबाने नव्या महापालिकेत पुन्हा पहिल्यापासून नोंदणी करणे हास्यास्पद आहे. गाईगुरांना केंद्राने १२ आकडी बिल्ला आणि देशव्यापी नोंदवही दिली आहे. पाळीव प्राण्यांसाठी तसेच करता येईल. प्राण्यांच्या प्रत्येक निवाऱ्यात आणि सरकारी पशुचिकित्सालयात स्कॅनर आधी पोहोचवावेत. दंडाच्या पावत्या नंतर छापाव्यात.