हात खाली का आले?

गेल्या महिन्यात घरकाम करणाऱ्या बायांच्या बैठकीत मी विचारलं, "जातीधर्मावरून कामावर भेदभाव होतो का?" जवळजवळ सगळे हात वर गेले. "तुमच्या स्वतःच्या बाबतीत?" बहुतेक हात खाली आले. एक मुस्लिम मैत्रीण म्हणाली, "आमच्या बायकांना लवकर काम देत नाहीत, ताई. पण माझी बाई चांगली आहे." पुढे बोलण्याच्या ओघात कळलं, त्या घरी तिने हिंदू नाव सांगितलं आहे आणि तिचा कप गॅलरीत वेगळा ठेवलेला असतो.

मला माझीच आठवण झाली. 'नोकरीत स्त्रियांना डावलतात' यावर मी भाषणं करायची. मला कुणी डावललंय असं मात्र कधी वाटलं नाही. बरोबर लागलेल्या पुरुष सहकाऱ्याचा पगार कळला तो निवृत्तीच्या आदल्या वर्षी!

अमेरिकेत फे क्रॉस्बी यांना नोकरदार स्त्रियांच्या अभ्यासात हेच आढळलं. १९९० मध्ये डोनाल्ड टेलर आणि सहकाऱ्यांना माँट्रियलमधल्या हैतीच्या आणि भारतीय स्थलांतरित स्त्रियांमध्येही तेच दिसलं: अन्याय आमच्या लोकांवर होतो, माझ्यावर तितका नाही.

असं का? 'माझ्यावर' म्हटलं की करणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, आणि उद्या त्याच दारात कामाला जायचं असतं. शिवाय एकटीच्या बाबतीत दुसरं कारण नेहमीच सापडतं: शिक्षण कमी, उशिरा लागले. क्रॉस्बी यांनी १९८६ मध्ये दाखवलं, की एकेकाची माहिती सुटी दिली तर भेदभाव नजरेतून निसटतो, सगळ्यांची एकत्र मांडली की दिसतो.

कायदा मात्र बहुतेक वेळा एकटीलाच तक्रार करायला सांगतो. प्रत्येकीला आपण अपवाद वाटलो, तर तक्रारपेटी रिकामी राहते. मग तीच पेटी 'आमच्याकडे असलं काही नाही' म्हणून दाखवली जाते.

म्हणून 'मला नाही' म्हणणारीला अडाणी ठरवू नका. आपापल्या गटात पगार, सुट्ट्या, वेगळे कप, नाकारलेली घरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. तो कागद गटाचा असेल, कुणा एकटीचा नाही.

त्या मैत्रिणीने खरं नाव सांगायचं की नाही, हे ती ठरवेल. सांगून काम गेलं तर तिच्याबरोबर किती जणी जाऊ, हे आपल्याला आजच ठरवायला हवं.

– संपादक