पहाटेचं हळदीकुंकू

थंडीशी माझं कसं आहे ते या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी संपली की चढलेली माझी कानटोपी होळीलाच उतरते. गेल्या वर्षी त्यावर लिहिलं तर ‘तुम्ही नाशिकचे की काश्मीरचे?’ अशी पत्रं आली होती. त्यामुळे गेल्या रविवारी पहाटे पाचला मी निफाडच्या रस्त्यावर होतो हे वाचून कुणाला भोवळ आली, तर त्याला जबाबदार माझा मेहुणा.

या मेहुण्याने मागे सोलर कुकर घेतला होता, आता कॅमेरा घेतलाय. मागे टीचभर कॅमेरा आणि पुढे तोफ. ‘‘दाजी, नांदूरमधमेश्वरला थंडीतच जायचं असतं,’’ म्हणाला. मी नाहीच म्हणणार होतो. पण संध्याकाळी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि अशा दिवशी घरात सकाळपासून सोफा भिंतीला आणि नवरा दाराबाहेर असतो. सौ.ने न मागता थर्मास भरून हातात दिला, यातच सगळं आलं.

नांदूरमधमेश्वरला, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे, इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. नद्यांनी वर्षानुवर्षं त्यात गाळ आणून ओतला, पाणी उथळ झालं, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. धरणात गाळ भरला की माणसं कपाळाला हात लावतात, बदकं मुक्कामाला येतात. 1986 साली अभयारण्य झालं आणि 2020 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत त्याचं नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. थंडीचं म्हणाल तर निफाड तालुक्यातल्याच कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती घसरला हे पेपरात वाचल्याशिवाय आम्हा नाशिककरांना हुडहुडी भरत नाही.

वाटेत द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटलेल्या होत्या. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून लोक रात्रभर धूर करतात. एका बागेपाशी गाडी थांबवून हात शेकले. बागवाल्याने तोफेकडे बघत विचारलं, ‘‘पाखरांचे फोटो काढायला चालले?’’ मेहुणा अभिमानाने हो म्हणाला. ‘‘मग मणी गोड झाल्यावर आमच्याच बागेत या की. फोटो काढा न् हाकलाबी. हाकलायला माणूस मिळंना आम्हाला.’’

अभयारण्याच्या काठच्या चापडगावला पोचलो तर धुक्यात तिवयांची रांगच लागलेली. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नाही. ‘‘किती एमएम?’’ ‘‘सहाशे.’’ मग पुढचा. माझ्या हातातल्या थर्मासकडे बघून एकाने सवयीने मलाही विचारलं, ‘‘किती?’’ ‘‘अर्धा लिटर,’’ मी म्हणालो.

मेहुण्याचे हाल बघवत नव्हते. हातमोजे घातले की बटण सापडेना, काढले की बोटं सापडेनात. डोळा लावला की श्वासाच्या वाफेने काच धुरकट. ती पुसेपर्यंत बगळा उडालेला. उजेड इतका कमी की पाखराने मान वळवली तरी फोटोत त्याचा फराटा उठायचा, आणि फोकस दर वेळी पुढच्या पाणकणसांवर जाऊन बसायचा. तासाभरात त्याच्याकडे पाणकणसांचे दोनशे उत्तम फोटो जमले.

त्यातही त्याचं तोंड चालूच. ‘‘दाजी, ते बघा, कूट!’’ आमच्या घरात कूट म्हणजे शेंगदाण्याचं. आमच्याबरोबरचा गाइड गावातलाच पोरगा, तो हळूच म्हणाला, ‘‘वारकरी आहेत ते.’’ मी दुर्बीण लावली. काळं कुळकुळीत अंग, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. नुसतं दिसण्यावरही भागत नाही. हा पक्षी उडायच्या आधी पाण्यावरून पंख फडफडवत, पाय आपटत धावतो. पंधरा-वीस जण एकदम सुटले तेव्हा रिंगणच वाटलं. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने पाखरू नीट बघितलं होतं आणि आषाढीची वाटही. मारुती चितमपल्लींनी रानात राहणाऱ्या, पाण्यावर जगणाऱ्या माणसांकडून अशी नावं गोळा करून पक्षिकोश केला. तो घरात ठेवून आपण ‘कॉमन कूट’ म्हणत बसायचं!

पोरगा मग एकेक सांगत सुटला. चपट्या, रुंद चोचीचा तो थापट्या. गुलाबी काटक्यांवर उभा तो शेकाट्या. बर्फासारख्या पाण्यात उभा असलेल्याचं नाव शेकाट्या आणि शेकोटीची आठवण काढत काठावर कुडकुडणारे आम्ही, हा विनोद मी मेहुण्याला दोनदा सांगितला. दोन्ही वेळा त्याने ‘‘दाजी, हलू नका,’’ एवढंच म्हटलं.

तेवढ्यात सहाशेवाले साहेब वैतागले. ‘‘नुसते बसलेत. फ्लाइट शॉट कसा मिळणार? ए, उडव ना जरा त्यांना!’’ आणि पोरगा काही बोलायच्या आत स्वतःच दोन टाळ्या वाजवल्या. शेकाट्यांचा अख्खा थवा कलकलाट करत उठला आणि पार पलीकडच्या काठाला गेला. पोरगा म्हणाला, ‘‘उडवायला पतंग आहेत का ते? पतंग उडवायचेत तर येवल्याला जायचं.’’ साहेबांनी ऐकलं नाही. ते पडद्यावर बघत होते. टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे फोटो एकही आला नव्हता.

ऊन वर आलं तसं जवळच्या गवतातून एक जोडी निघाली. तपकिरी, साधी बदकं, पण काळ्या चोचीचं टोक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं आणि चोच कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना कुंकवाचं लालभडक बोट. ‘‘हळदीकुंकू,’’ पोरगा कुजबुजला. मेहुण्याची बॅटरी नेमकी तेव्हाच संपली. थंडीने संपते म्हणे. मग आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. पिवळं टोक पाण्यात बुडायचं, थेंब गळत वर यायचं.

इतक्यात माझा फोन थरथरला.

‘‘कुठे आहात?’’

‘‘हळदीकुंकू बघतोय,’’ मी हळू आवाजात म्हणालो.

‘‘कुणाचं? सकाळी साडेसातला?’’

‘‘दोघं आहेत. अगदी समोर. ओरडू नकोस, उडतील.’’

पलीकडे बराच वेळ काही नाही.

‘‘येताना अर्धा किलो हलवा आणा,’’ सौ. म्हणाली. ‘‘आणि कानटोपी काढून बोला. काय विचारलं ते ऐकू येत नाहीये तुम्हाला.’’