'पांढऱ्या वाघां'चा इतिहास आणि त्याचा बोध

जालना जिल्ह्यातील जाफराबादच्या नागरिकाला समुद्र ही दूरची गोष्ट वाटावी, हे स्वाभाविक होय. त्याच नावाचे दुसरे गाव काठियावाडच्या किनाऱ्यावर आहे आणि ते दीर्घकाळ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होते. मराठवाड्यातील जाफराबादची चिंता मात्र पावसाची आणि कापसाच्या भावाची. तथापि जाफराबादेवरून वाहणाऱ्या पूर्णेचे पाणी गोदावरीवाटे ज्या बंगालच्या उपसागराला मिळते, त्याच उपसागरावर १९७१ साली भारतीय नौदलाच्या वैमानिकांनी आपले सामर्थ्य सिद्ध केले. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा करार झाला, त्या रकमेत कोकणातल्या करदात्याइतकाच जाफराबादच्या करदात्याचाही वाटा आहे. नौदलाच्या विमानांचा आजवरचा हिशेब मागण्याचा अधिकार त्यालाही आहे.

तो हिशेब एका स्क्वाड्रनच्या इतिहासात नेमका सापडतो. नौदलाची ३०० क्रमांकाची हवाई स्क्वाड्रन, म्हणजेच 'व्हाइट टायगर्स', जुलै १९६० मध्ये ब्रिटनमधील ब्रॉडी तळावर स्थापन झाली. तिची विमाने सी हॉक जातीची होती. १९५७ साली भारताने एक अर्धवट बांधलेली ब्रिटिश विमानवाहू नौका विकत घेतली होती. तीच 'विक्रांत' या नावाने मार्च १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी मे महिन्यात लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्या धक्क्याएवढ्या तोकड्या तक्तपोशीवर विमान उतरविले. हेच ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या वेळी विक्रांत गोव्याच्या किनाऱ्याबाहेर पहाऱ्यावर होती, आणि पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटलेले दाभोळी हेच पुढे या स्क्वाड्रनचे घर बनले.

पहिल्या मोठ्या कसोटीच्या वेळी मात्र दैव प्रतिकूल ठरले. १९६५ च्या युद्धाच्या वेळी विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी उभी होती. विमानवाहू नौका हा पांढरा हत्ती आहे, या टीकेला त्यामुळे धार आली. १९७१ मध्येही स्थिती फारशी बरी नव्हती. चारांपैकी एक बॉयलर निकामी असल्याने नौकेच्या वेगाला मर्यादा पडली होती, आणि वेग कमी म्हणजे उड्डाणाला लागणारा समोरचा वाराही कमी. तरीही तिला पूर्वेकडे पाठविण्याचा धाडसी निर्णय झाला. ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले चढविले. ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची अलीझे विमाने रात्रीची जबाबदारी उचलत होती. पूर्व पाकिस्तानातील फौजांची समुद्रमार्गे सुटका होण्याची वाट अशा रीतीने बंद झाली.

या पराक्रमानंतर जे घडले ते विचार करायला लावणारे आहे. १९७८ मध्ये सी हॉकची विक्रांतवरील सेवा संपली. त्यांची जागा घेणाऱ्या सी हॅरियरची मागणी नोंदविली गेली ती १९७९ मध्ये, आणि पहिली विमाने दाभोळीला उतरली ती डिसेंबर १९८३ मध्ये. म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ विमानवाहू नौकेला लढाऊ जेट विमान नव्हते. आखूड धावपट्टीवरून उडणारे आणि सरळ खाली उतरणारे सी हॅरियर हे अजब यंत्र होते. १९८७ पासून 'विराट'वर त्याने दीर्घ सेवा बजावली. परंतु ते हाताळायला तितकेच कठीण होते. अर्ध्याहून अधिक विमाने अपघातांत नष्ट झाली आणि अनेक तरुण वैमानिक प्राणांस मुकले. २००६ मध्ये खुद्द ब्रिटनने हे विमान निवृत्त केले. भारताने मात्र ते मे २०१६ पर्यंत चालविले.

त्यानंतर स्क्वाड्रनकडे रशियन मिग-२९के विमाने आली. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या विमानांबाबत धक्कादायक वास्तव उघड केले. उड्डाणास सज्ज असण्याचे त्यांचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान होते. सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीत बांधलेली नवी विक्रांत दाखल झाली, ही अभिमानाची बाब खरीच. पण तिच्यासाठी नव्या विमानांचा करार त्यानंतर अडीच वर्षांनी झाला, आणि ठरल्याप्रमाणे शेवटचे राफेल मिळायला २०३० साल उजाडणार आहे.

या विलंबाला कारणे नव्हती असे नाही. परकीय चलनाची चणचण, भूदल व वायुदल यांच्या अधिक निकडीच्या गरजा आणि विक्रेत्या देशांच्या अटी यांनी नौदलाचे हात वारंवार बांधले. परंतु जी अडचण १९७८ मध्ये समजण्याजोगी होती, तीच २०२२ मध्ये पुन्हा उभी राहते, तेव्हा तिला परिस्थिती म्हणून चालत नाही. तिला सवय म्हणावे लागते. नौका बांधायला दशक लागते आणि विमान निवडून मिळवायलाही तेवढाच अवधी लागतो. मग दोन्ही निर्णय एकाच दिवशी का होऊ नयेत?

जानेवारी २०२० मध्ये स्वदेशी तेजसची नौदल आवृत्ती विक्रमादित्यवर उतरली, त्यामुळे देशी अभियंत्यांच्या क्षमतेविषयी शंका उरलेली नाही. त्या अनुभवावर आधारलेल्या दोन इंजिनांच्या नव्या विमानाला निश्चित कालमर्यादा आणि सलग निधी देणे, हे आता शासनाचे कर्तव्य आहे. स्क्वाड्रनची परंपरा विमानांच्या आयुष्याहून दीर्घ असते, हे 'पांढऱ्या वाघां'नी दाखवून दिले. मात्र प्रत्येक पिढीतील वैमानिकाने निर्णयांच्या दिरंगाईची भरपाई स्वतःच्या कौशल्याने, प्रसंगी प्राणांनी करावी, अशी अपेक्षा कोणत्याही राष्ट्राने बाळगू नये.