चढ आणि आंतरछेद

गणिताचे सहकारी रजेवर असताना दहावीचा निर्देशक भूमितीचा तास मी, इतिहासाच्या शिक्षकाने, घेतला. मुलांना सूत्र तोंडपाठ होते: दोन बिंदूंमधील उभ्या अंतराला आडव्या अंतराने भागले की चढ मिळतो, रेषा उभ्या अक्षाला ज्या उंचीवर छेदते तो तिचा आंतरछेद. त्याचा अर्थ मात्र कोणी विचारला नव्हता. मी फळ्यावर जनगणनेचे आकडे मांडले.

१९६१ साली देशाची साक्षरता २४.० टक्के, अनुसूचित जातींची १०.३ टक्के. १९८१ साली अनुक्रमे ३६.२ आणि २१.४. १९६१ हे शून्य वर्ष मानले, तर २४.० आणि १०.३ हे आंतरछेद झाले. चढ निघाले दरवर्षी ०.६१ आणि ०.५६. रेषा जवळजवळ समांतर. वीस वर्षे दोघेही वर चढत राहिले आणि अंतर १३.७ वरून १४.८ झाले!

पुढील जनगणनांत हे प्रमाण सात वर्षांवरील लोकसंख्येशी काढले जाते, म्हणून त्यांच्यासाठी आलेख वेगळा घेतला. १९९१ : ५२.२ आणि ३७.४. २०११ : ७३.० आणि ६६.१. आता चढ १.०४ आणि १.४४, अंतर १४.८ वरून ६.९ वर आलेले. “सर, मग या रेषा भेटतील कधी?” एका मुलीने विचारले. तिनेच भागाकार केला : २०११ नंतर सतरा-अठरा वर्षांनी. शंभराच्या जवळ जाताना अशी रेषा वाकते, हे मला तिला सांगावे लागले.

“आता सर्वांना सारखेच वागवा” असे म्हणणारे सुजाण लोक समान चढ मागत असतात. आंतरछेद असमान असताना समान चढ दिला तर रेषा समांतर राहतात आणि समांतर रेषा कधीच मिळत नाहीत. हे भूमितीचे विधान आहे, माझे नव्हे. आंतरछेद ही मुलाची गुणवत्ता नसते. तो त्याच्या जन्माआधीचा इतिहास असतो. बाबासाहेबांनी १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. इतिहास बदलणे कोणाच्याच हाती नव्हते, चढ बदलता येणार होता.

पण या बाबतीत आपणही निर्दोष नाही. आपल्या निवासी शाळांच्या स्मरणिकांत गुणवंतांची यादी छापली जाते, म्हणजे केवळ शेवटचा बिंदू छापला जातो. पाचवीत ऐंशी टक्के घेऊन आलेला मुलगा दहावीत पंच्याऐंशी घेतो, त्याचे छायाचित्र येते. पाचवीत जोडाक्षर वाचता न येणारी, ऊसतोडीच्या फडावरून आलेली मुलगी अठ्ठावन्न टक्के मिळवते. तिचे नाव कोठेच नसते. शाळेने खरे काम कोणाच्या बाबतीत केले? शाळेचे मोजमाप चढाने व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी प्रवेशाच्या दिवशीची वाचन-लेखनाची नोंद जपून ठेवावी लागेल. आज बहुतेक ठिकाणी ती नोंद ठेवलीच जात नाही आणि पहिला बिंदू नसेल तर चढ काढता येत नाही.

तो आलेख मुलांनी अभ्यासिकेच्या भिंतीवर लावला आहे. २०११ च्या पुढचा कागद त्यांनी कोराच ठेवला आहे, पुढच्या जनगणनेसाठी.