गुंता खाली, दोष वर

कापड सुईखाली घेतलं, दोन-चार टाके पडले आणि मशीन कण्हत जागीच थांबलं. उलटून पाहावं तर खाली दोऱ्याचं जाळं. घरगुती शिलाई मशीनची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला: बॉबिन केस काढायची, तिचा बारीक स्क्रू पिळायचा, तरी जमलं नाही की मशीन कारागिराकडे न्यायचं. गुंता खाली दिसतो म्हणून बिघाडही खालीच, असं हे गणित. ते बहुतेक वेळा चुकतं. घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून ज्या बायका मशीन घेतात, त्यांना या चुकीचा भुर्दंड पडतो.

टाका कसा बनतो ते पाहिलं की हे पटेल. सुई वरचा दोरा घेऊन कापडातून खाली जाते आणि वर यायला लागताच नेढ्याजवळ दोऱ्याचा छोटा फास सुटतो. शटलचं टोक तो फास पकडून बॉबिन केसभोवती फिरवून आणतं. म्हणजे प्रत्येक टाक्याला वरचा दोरा आख्ख्या बॉबिनला वळसा घालतो. त्यासाठी खाली गेलेला जादा दोरा परत वर ओढायचं काम समोरच्या वरखाली होणाऱ्या लिव्हरचं. पण लिव्हर ओढत असताना टेन्शनच्या चकत्यांनी रिळाकडचा दोरा धरून ठेवला नसेल, तर रिळातूनच नवा दोरा सुटत राहतो आणि खालचा फास तसाच लोंबतो. दर टाक्याला एक फास, की जाळं तयार. खात्री करायची तर वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून पाहावा. जाळं लाल निघालं, तर बॉबिनच्या स्क्रूला हात लावायचं कारण नाही.

वरच्या दोऱ्याला ताण न मिळण्याची कारणंही साधी असतात. प्रेशर फूट उचलला की चकत्या उघडतात, खाली टाकला की मिटतात. फूट खाली ठेवूनच दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मधे न बसता वरवर राहतो. म्हणून फूट उचलून दोरा ओढून पाहावा, तो सहज यायला हवा. फूट टाकून ओढावा, अडायला हवा. दोन्ही वेळा सारखाच सैल आला तर दोष सापडला. लिव्हरच्या भोकातून दोरा घ्यायचा राहिला तर जाळं हमखास. सुरुवातीला दोऱ्यांची टोकं मागे धरली नाहीत तर तीही खाली ओढली जातात. पायाच्या मशीनवर नवशिक्यांचं चाक उलटं फिरतं आणि तिथेही गुंता होतो. हातचाकाची वरची कड नेहमी आपल्याकडे यायला हवी. यातल्या एकाही दुरुस्तीला पाना लागत नाही.

जुनेजाणते शिंपी म्हणतील, बॉबिनचाही दोष असतो. असतो ना. बॉबिन वेडीवाकडी भरलेली असते, केसच्या पट्टीखाली भुगा अडकतो, शटलच्या कडेला चरा पडतो. केस दोऱ्याला टांगून धरली तर ती आपल्या वजनाने घसरत जाऊ नये, हलक्या झटक्याने थोडी उतरावी. ही परीक्षाही त्यांचीच. पण खालचा दोरा सैल असला तर त्याची खूण बहुधा कापडाच्या वरच्या अंगाला दिसते. म्हणून आग्रह क्रमाचा आहे: आधी वरचं, मग खालचं, स्क्रू सगळ्यात शेवटी. नीट असलेला स्क्रू पिळला की एकाचे दोन बिघाड होतात. कोणी दोऱ्याला दोष देतात. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावात सूत मुबलक, तरी मागाचं एकेरी सूत शिलाईला चालत नाही, त्याला दोन-तीन पदरी पिळाचा दोरा लागतो, हे मान्य. पण उत्तम दोराही चकत्यांबाहेर राहिला तर गुंततोच. राहता राहिला कारागिराचा धंदा. सुई आणि शटलचा मेळ चुकला तर त्याच्यावाचून गत्यंतर नाही. चुकीच्या ओवणीसाठी मात्र मशीन त्याच्या दुकानापर्यंत वाहून न्यावं, यात त्याचंही कौशल्य वाया जातं.

भिवंडी-कल्याण रस्त्यावरच्या टेमघरला हे जास्त लागू पडतं. भिवंडीतल्या कारखान्यात माग अडला तर बघायला जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री, असतो. घरातल्या मशीनला जॉबर नाही, आणि ब्लाउज किंवा फॉल-पिकोचं काम ठरल्या दिवशी द्यावंच लागतं. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. तिच्यात ४० तासांचं पायाभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. या ४० तासांतले दोन तास फक्त गुंत्याला द्यावेत. वेळ थोडा, त्यात कटिंग महत्त्वाचं, असं कोणी म्हणेल. पण कटिंग चुकलं तर एक कापड जातं, मशीन अडलं तर हातातली सगळी कामं अडतात. आणि परीक्षा घ्यायचीच तर नुसता ब्लाउज शिवून घेऊ नये. परीक्षकाने मुद्दाम दोरा लिव्हरमधून काढून ठेवावा, सुई फिरवून बसवावी, चकत्यांत भुगा सोडावा, आणि बॉबिनच्या स्क्रूला हात न लावता सरळ टाका पाडून दाखवायला सांगावं.